वाचक विचारतात : आजीचं गोंदण एआयनं पुसलं, आता काय करायचं?

लग्नसराई जवळ आली की बायोडेटाच्या फोटोंचे प्रश्न येतातच, पण या वेळी पत्रांत आणि ईमेलमध्ये एआयचंच जास्त निघालं. चेहरा गुळगुळीत करणारी ॲप्स, जुना फोटो कोरा करून देणारी ॲप्स, स्टुडिओवाल्यांची नवीन सॉफ्टवेअर. सारखे प्रश्न होते ते एकत्र केलेत, काही उत्तरं लांबलीत, पण वाचा सगळं.

प्रश्न (खानापूर तालुक्यातून) : आमच्या आजीचा एकच फोटो आहे, जत्रेतल्या स्टुडिओत काढलेला, ब्लॅक अँड व्हाईट, कोपरा फाटलाय. भाच्यानं मोबाईलच्या ॲपवर टाकून एकदम क्लिअर करून दिला. आईला दाखवला तर म्हणाली, ही कोण गं? बघतो तर कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण गेलंय, नथ वाकडी झालीय, डोळे पण आजीचे वाटेनात. ते गोंदण परत आणता येईल का सांगा की.

उत्तर : येतं ताई, कारण मूळ फोटो तुमच्याकडं आहे, आणि आईनं जे ओळखलं ते शंभर टक्के बरोबर आहे. ॲपनं फोटो साफ केला असं आपण म्हणतो, पण आत झालंय वेगळंच. चेहरा दुरुस्त करणारे जे प्रोग्राम आहेत, 2021 चं जीएफपीगॅन, 2022 चं कोडफॉर्मर वगैरे, ते एफएफएचक्यू नावाच्या 70,000 चेहऱ्यांच्या साठ्यावर शिकलेत आणि हा साठा फ्लिकर या फोटो शेअर करायच्या वेबसाइटवरच्या फोटोंमधून गोळा केलेला आहे. अंधुक चेहरा दिला की प्रोग्राम त्याला जुळेल असा नीटस चेहरा नव्यानं रंगवतो, 512 बाय 512 पिक्सेलच्या चौकटीत, आणि जुन्याच्या जागी बसवतो. आता त्या साठ्यात कपाळाला गोंदण, हनुवटीवर ठिपके, नाकात नथ अशा आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका कितीशा असणार? त्यामुळं त्याला गोंदण म्हणजे कागदावर पडलेला डाग वाटतो, तो पुसून टाकतो, नथ म्हणजे काय ते कळत नाही म्हणून अर्धी वितळवून गालात मिसळून टाकतो. डोळ्यांचं पण तेच, पापण्या कोरीव, बुबुळात चमक, दिसायला छान पण ते डोळे कुणाचेच नाहीत.

तर आता असं करा. मूळ फोटो मोबाईलनं परत काढू नका, बेळगावात कुठंही फ्लॅटबेड स्कॅनर असलेल्याकडं न्या आणि 600 डीपीआयला (म्हणजे इंचाला 600 ठिपके) स्कॅन करून टिफ फाईल मागा, फोटो अगदी लहान पासपोर्टएवढा असेल तर 1200 ला. फोटो फ्रेममध्ये काचेला चिकटला असेल तर ओढून काढायचा नाही हां, वरचा थर काचेला राहतो आणि चेहरा कायमचा जातो, तसाच काचेसकट स्कॅन करायचा. ओल्या फडक्यानं पुसायचं तर मुळीच नाही.

मग फाटलेला कोपरा, घडी, बुरशीचे ठिपके, पाठीमागचा पडदा, लुगडं हे सगळं एआयला खुशाल द्या, फोटोशॉपचं रिमूव्ह टूल हे काम झकास करतं. चेहऱ्याला मात्र वेगळं वागवायचं. कोडफॉर्मरमध्ये एक स्लायडर असतो 0 ते 1 चा, 0 कडं नेलं की चेहरा सुंदर होतो पण परका होतो, 1 कडं नेलं की थोडा अंधुक राहतो पण माणूस तोच राहतो, तुम्ही 1 च्या जवळच राहायचं. जो निकाल येईल तो मूळ स्कॅनवर वरचा लेअर म्हणजे थर म्हणून ठेवायचा, त्याची ओपॅसिटी म्हणजे ठळकपणा तीस-चाळीस टक्क्यांवर आणायचा, आणि मास्क (थराचा हवा तेवढाच भाग झाकायचं साधन) घेऊन गोंदण, नथ, कुंकवाची चिरी, कानातले, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या या जागी वरचा लेअर पूर्ण पुसून खालचा मूळ फोटो उघडा करायचा. गोंदण परत काढायचं नाही, ब्रशनं रंगवायचं तर नाहीच, ते खाली आहेच, फक्त वरचं झाकण काढायचं.

रंगीत करायचं मनात असेल तर आधी विचार करा. ब्लॅक अँड व्हाईट फोटोत रंगाची माहितीच नसते, ॲप जो रंग देतं तो अंदाज असतो, हिरव्या इरकलीला मातकट किंवा निळं करून टाकतं आणि मग दहा वर्षांनी घरातली पोरं म्हणतात आजी निळंच लुगडं नेसायची. कुणाला खरा रंग आठवत असेल तर त्यांना शेजारी बसवून करा. आणि शेवटचा पास-नापास आईनं ठरवायचा, स्टुडिओवाल्यानं नाही.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : मुलीचं बघायलोय. बायोडेटासाठी फोटो काढून घेतला तर स्टुडिओवाल्यानं न विचारताच तिला इतकं गोरं केलंय की हात आणि तोंड दोन वेगळ्या माणसांची वाटतात. मुलगी चिडलीय, हा फोटो कुणाला द्यायचा नाही म्हणते. पाहुणे म्हणायलेत, थोडं उजळ केलं तर काय बिघडतंय, सगळेच करतात. मी काय करू?

उत्तर : काकू, मुलीचं ऐका. मला ठामपणे सांगायचंय की रंग बदलणं हे रिटचिंग नाहीच. पुरळ आलंय, झोप झाली नाही म्हणून डोळ्याखाली काळं दिसतंय, एक केस कपाळावर भलतीकडं गेलाय, हे काढणं म्हणजे रिटचिंग. आमच्या कामातला जुना नियम आहे, जे आठ-पंधरा दिवसांत आपोआप जाणार ते काढलं तर चालतं, जे जन्माचं आहे ते ठेवायचं. पुरळ जाईल, तीळ राहील. मुलीचा वर्ण जन्माचा आहे. आणि पाहुणे म्हणतात तसं सोडून देण्यासारखं ते नाहीच, कारण बघायच्या कार्यक्रमात ती खोलीत आली की समोरच्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते त्या पोरीला दिसतं, ते सोसायला तिला लागतं, स्टुडिओवाल्याला नाही.

हे आपोआप का होतं तेही सांगतो. सौंदर्याचं जे बटण असतं त्यात गोरेपणा आधीच भरलेला असतो, कारण शिकवताना तसेच चेहरे जास्त दाखवलेले असतात. 2017 साली फेसॲपच्या एका फिल्टरवरून जगभर ओरड झाली होती, चेहरा आकर्षक करतो म्हणून तो फिल्टर सरळ कातडी उजळ करायचा, शेवटी कंपनीला माफी मागून तो बदलावा लागला. आणि लग्नाच्याच बाबतीत म्हणाल तर 2020 च्या जूनमध्ये शादी डॉट कॉमनं रंगावरून स्थळं गाळायचा पर्याय काढून टाकला, लोकांनी ऑनलाइन अर्ज केला म्हणून. म्हणजे मोठ्या वेबसाइटला जे सोडावं लागलं ते आपण घरच्या घरी बायोडेटात का करायचं?

आता स्टुडिओत गेल्यावर नेमकं काय बोलायचं ते लिहून घ्या, नाहीतर तो म्हणेल सॉफ्टवेअरनंच असं केलंय. एक, ब्युटी प्रीसेट (सौंदर्याची तयार सेटिंग) किंवा स्किन व्हाइटनिंग, स्किन टोन वगैरे नावाचा जो स्लायडर असेल तो शून्यावर. दोन, चेहरा बारीक करणं, डोळे मोठे करणं, हनुवटी ओढणं हे पूर्ण बंद. तीन, स्मूदिंग म्हणजे कातडी गुळगुळीत करणं वीसच्या वर नको आणि शंभर टक्के झूम करून गालावर रोमछिद्रं दिसतात का ते तुम्ही स्वतः स्क्रीनवर बघायचं, दिसत नसतील तर अजून कमी करायला सांगा. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये 2022 पासून माणसाचा चेहरा, अंगाची कातडी, ओठ, दात, केस वेगवेगळे आपोआप निवडता येतात, त्यात चेहरा आणि हात दोन्ही एकत्र निवडून उजेड सारखा केला तर तोंड एक हात एक असं होतच नाही. बऱ्याचदा तर रिटचिंगची गरजच नसते, सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर उंबऱ्याजवळ, पडवीत, उन्हात नाही पण उजेडाकडं तोंड करून फोटो काढा, सावळी कातडी त्या उजेडात इतकी छान येते की सॉफ्टवेअरची आठवण होणार नाही. घरच्या ट्यूबलाइटखाली काढला की चेहरा हिरवट येतो आणि मग ते झाकायला माणूस गोरं करत सुटतो.

प्रश्न (निपाणीहून, स्टुडिओवाले) : सीझनला एका लग्नाचे दीड-दोन हजार फोटो होतात. एआय सॉफ्टवेअर घेतलं तर एका रात्रीत सगळे होतात म्हणे. पण मित्रानं घेतलंय त्याच्याकडं पार्टीनं अल्बम परत केला. घ्यावं की नको? आणि आमच्यासारख्यांचं काम राहणार का?

उत्तर : घ्या दादा, पण बटण दाबून झोपायला जाऊ नका. इव्होटो, रिटच फॉर मी, ल्युमिनार निओ, पोर्ट्रेट प्रो अशी बरीच आहेत आणि फोटोशॉपमध्ये पण 2020 पासून न्यूरल फिल्टर्समध्ये स्किन स्मूदिंग आलंय. डागडुजी ही सगळी चांगली करतात. अडचण आपल्या लग्नात येते, कारण आपल्या लग्नात नवऱ्या-नवरीच्या तोंडावर इतकं काही असतं की सॉफ्टवेअर गडबडतं.

हळदीचे फोटो घ्या. ऑटो कलर लावला की प्रोग्रामला पिवळा चेहरा म्हणजे कॅमेऱ्याची चूक वाटते, तो फोटो निळसर करून हळद उतरवतो आणि पाठीमागची पांढरी भिंत पण बिघडते. नवरीचा चेहरा हळदीनं पिवळाच पाहिजे, त्यासाठी तर सगळी बसलीत. मुंडावळ्यांचं तसंच, उडणारे केस काढायचं टूल लावलं की मोत्यांची सर मध्येच तुटते, एका बाजूला आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही. अक्षता पडतानाचे फोटो तर मोठं संकट, कपाळावर आणि गालावर चिकटलेले तांदूळ डाग म्हणून पुसले जातात आणि हवेतले राहतात. हातावरच्या मेंदीवर बॉडी स्किन स्मूदिंग गेलं की बारीक जाळी सगळी विरघळते. तुमच्या मित्राचा अल्बम का परत आला हे मला न बघताही कळतंय.

म्हणून दोन हजार फोटोंना एकच प्रीसेट लावायचा नाही. आधी वेगळे गट करा, हळद एक, अक्षता एक, रिसेप्शन एक, आणि ग्रुप फोटो पूर्ण वेगळे. ग्रुप फोटोत तर नियमच करा की साठीच्या वरच्या माणसांना स्मूदिंग शून्य. बहुतेक सॉफ्टवेअर पुरुष, बाई, मूल, वयस्कर असं ओळखून वेगळं सेटिंग ठेवू देतात, ती सोय वापरा. नवरीच्या आजीच्या सुरकुत्या गेल्या की आजी नवरीची थोरली बहीण दिसते आणि घरच्यांना ते आवडत नाही, तोंडावर बोलत नाहीत एवढंच. मामांची दाढीची खुंटं ठेवा. अल्बममध्ये मोठे जाणारे पन्नास-साठ फोटो हातानं करा, फ्रिक्वेन्सी सेपरेशन (रंग आणि कातडीचा पोत वेगळे करून), डॉज-बर्न (जागोजागी उजळ-गडद करून) जे येतं ते, बाकी मशीनला द्या.

काम राहणार का, तर हो, राहणार असं मला वाटतं. निगेटिव्हवर हातानं रिटचिंग करून दाखवलं म्हणून 1855 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात म्युनिचच्या फ्रान्झ हान्फश्टेंगलचं नाव झालं, तेव्हापासून हा धंदा आहे. आपल्याकडं पण काचेच्या निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं गालावरचे खड्डे भरणारे लोक होते, मग फोटोला रंग देणारे आले, मग फोटोशॉप आलं. दर वेळी हत्यार बदललं. कुणाच्या तोंडावर काय ठेवायचं हे ठरवणारा माणूस मात्र दर वेळी लागलाच, आणि ते ठरवायला त्या घरातलं, त्या गावातलं माहीत असावं लागतं.

प्रश्न (येळ्ळूर) : आमच्या आजोबांचा सीमालढ्याच्या काळातला ग्रुप फोटो आहे, वीस-बावीस माणसं, मागं दुकानाची पाटी. गावातली पोरं पुस्तिका काढायलेत, त्यात प्रत्येकाचा चेहरा वेगळा मोठा करून नावासकट छापायचा विचार आहे. एआयनं चेहरे क्लिअर होतील का?

उत्तर : क्लिअर होतील, पण ते त्यांचे चेहरे नसतील, म्हणून माझं स्पष्ट मत, तसं करू नका. ग्रुप फोटोत एक चेहरा नखाएवढा असतो, त्यात डोळा म्हणजे चार ठिपके. त्या चार ठिपक्यांतून डोळा परत मिळत नाही, तो कल्पनेनं तयार केला जातो. 2020 मध्ये ड्यूक विद्यापीठाचा पल्स नावाचा प्रोग्राम आला होता, त्याला कुणीतरी बराक ओबामांचा अगदी ठिपक्याठिपक्यांचा लहान फोटो दिला तर त्यानं एक गोरा माणूस काढून दिला. जगभर इतके फोटो निघालेल्या माणसाचं असं झालं, मग आपल्या गावच्या शेतकऱ्याचं काय होईल. खाली नाव छापलं की तोच चेहरा खरा धरला जाणार. 17 जानेवारीला हुतात्मा दिनाच्या बॅनरवर तोच जाणार, तिथून व्हॉट्सॲपवर, आणि वीस वर्षांनी नातवंडं त्या बनावट चेहऱ्याला हार घालणार. ज्या माणसानं लाठ्या खाल्ल्या त्याचं तोंड तरी त्याचंच राहू दे ना.

मग काय करायचं, तर पूर्ण ग्रुप फोटो दोन पानांवर मोठा छापा. स्कॅन 1200 डीपीआयला करा, पिवळटपणा काढा, कॉन्ट्रास्ट वाढवा, धूळ आणि ओरखडे काढा, थोडं नॉइज कमी करा, एवढ्यानंच चेहरे बरेच उठतात. त्याच्याखाली साध्या रेघांचं चित्र काढून आकडे टाका आणि आकड्यांप्रमाणं नावं द्या. एकेकाचा वेगळा फोटो पाहिजे असेल तर घरोघरी फिरा, रेशन कार्ड, सोसायटीचं ओळखपत्र, लग्नाचे अल्बम, कुणाच्या तरी पेटीत निघतोच. आणि ती मागची पाटी, तिच्याकडं विशेष लक्ष ठेवा. मोठं करणाऱ्या एआयला देवनागरी आणि कन्नड अक्षरं अंधुक असली की वाचता येत नाहीत, तो अक्षरासारख्या दिसणाऱ्या रेघा काढतो, ना मराठी ना कन्नड. आपल्या भागात पाटीवर काय लिहिलं होतं आणि कुठल्या भाषेत, हा कागदपत्रातला पुरावा आहे, त्याला हात लावायचा नाही, पाटीचा भाग मास्क करून मूळ ठेवायचा. पुस्तिकेत फोटोखाली काय काय दुरुस्त केलंय ते एका ओळीत लिहा, आणि मूळ स्कॅन तीन-चार घरांत पेनड्राइव्हवर द्या.

प्रश्न (हिंडलगा) : बाबा गेले. बाराव्याला मोठा फोटो लावायचाय, पण त्यांचा नीट फोटोच नाही, आधार कार्डवरचा आहे आणि भावाच्या लग्नातला एक, त्यात बाजूला माणसं आहेत. फ्लेक्सवाला म्हणतो आधारवरचा एआयनं करतो आणि कोट घालतो.

उत्तर : फार वाईट वाटलं वाचून. आधारवरचा घेऊ नका, तो फार लहान असतो, त्याला बारा बाय अठरा इंच करायचा म्हणजे चेहरा परत कल्पनेतलाच, आणि तो घराच्या भिंतीवर कायमचा राहणार. लग्नातला घ्या. ज्यानं लग्नाची शूटिंग केली त्याच्याकडं मूळ फाईल मागा, स्टुडिओवाले बरीच वर्षं ठेवतात, आणि व्हॉट्सॲपवर मागवलीत तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, फोटो म्हणून पाठवली की दाबून लहान होते. बारा बाय अठराला भिंतीवर लांबून बघायला 1800 बाय 2700 पिक्सेल चालतात, 3600 बाय 5400 असेल तर उत्तमच. बाजूची माणसं काढणं, मागं साधा रंग देणं, खांद्यावरचा दुसऱ्याचा हात काढून तिथं सदरा भरणं, हे एआयचं खरं काम आहे, फोटोशॉपमध्ये जनरेटिव्ह फिल 2023 ला आल्यापासून हे दहा-पंधरा मिनिटांत होतं. निवडताना फक्त गळ्याच्या वर जाऊ नका म्हणावं.

कोटाचं म्हणाल तर पूर्वी स्टुडिओत भाड्याचा कोट असायचाच, लोक घालून फोटो काढायचे, त्यामुळं कोट घातला तर कुणी खोटं म्हणणार नाही. पण बाबा आयुष्यभर सदरा आणि गांधी टोपीत राहिले असतील तर टोपी ठेवा, येणारी माणसं त्यांना तसंच ओळखतात.

प्रश्न (बेळगाव, दोघा-तिघांनी विचारलंय) : पासपोर्टला, व्हिसाला ॲपवर सुधारलेला फोटो चालतो का?

उत्तर : नाही. पासपोर्टला मोठ्या माणसांचा फोटो सेवा केंद्रातच समोर बसवून काढतात, त्यामुळं प्रश्नच येत नाही, चार वर्षांच्या आतल्या बाळाचा तेवढा आपण न्यायचा, पांढरी पाठ, साडेचार बाय साडेतीन सेंटीमीटर. त्यात बाळाचा तीळ किंवा लाल डाग काढू नका. अमेरिकेच्या व्हिसाला तर फोटोत डिजिटल फेरफार चालत नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. काही मोबाईल सेल्फी कॅमेऱ्यात ब्युटी मोड आधीच चालू असतो, तो बंद करून मगच काढा, कारण तोही फेरफारच धरला जातो.

प्रश्न (चिकोडीहून एक शिक्षिका) : पोरी वर्गातल्या मैत्रिणींचे फोटो असल्या ॲपवर टाकून गमती करतात. धोका आहे का?

उत्तर : आहे. यातली बरीच ॲप्स फोटो मोबाईलवर न सुधारता आपल्या सर्व्हरवर पाठवतात, तिथं तो किती दिवस राहतो आणि कशाला वापरला जातो हे अटींमध्ये बारीक अक्षरात असतं आणि कुणी वाचत नाही. स्वतःचा फोटो स्वतःच्या जबाबदारीवर, पण मैत्रिणीचा फोटो तिला न विचारता टाकायचा नाही, एवढं वर्गात फळ्यावर लिहा बाई. ॲपला सगळ्या गॅलरीची परवानगी देऊ नका, एकच फोटो निवडायचा पर्याय असतो तो द्या. इंटरनेट बंद करून ॲप चालवून बघायचं, चाललं तर काम मोबाईलवरच होतंय असं बहुधा समजायचं, अडलं तर बहुधा फोटो बाहेर जातोय. आणि कुणी मुलीचा फोटो बिघडवून फिरवला तर पालकांना घेऊन लगेच पोलिसांत जा, 1930 हा सायबर हेल्पलाइनचा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, फोटोच्या तक्रारीसाठी सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथं नाव न देताही तक्रार करता येते. फोटो डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा.